पायात रॉड असताना गुलमर्गला जावं का?

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मिस्टरांचं वय 41. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जिंतूर रोडला मोटारसायकल घसरली आणि उजव्या पायाची नडगी घोट्याच्या वर, खालच्या भागात मोडली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून रॉड टाकला. आता ते वॉकरवर चालतात. त्यांच्या डॉक्टरांनी "झेपेल तेवढं वजन टाका" असं सांगितलंय. चार कुटुंबांची गुलमर्गची सहल मात्र पावसाळ्यातच बुक झाली होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, मुलांसकट सगळ्यांनी स्कीइंग शिकायचं, असं ठरलेलं. मिस्टर म्हणतात, डॉक्टरच चालायला सांगतात, पाय दुखत नाही, पैसे भरलेत, मग सोप्या उतारावर थोडं घसरून बघतो. नाहीच जमलं तर हॉटेलात बसेन, तुम्ही खेळा. ताई विचारतात, जाऊ द्यावं का?

ताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि घरात ते एकत्र झाल्यामुळे वाद मिटत नाहीये. एक, स्कीइंग करावं का. दोन, नुसतं सोबत जावं का. पहिल्याचं उत्तर स्वच्छ "नाही" आहे. सोपा उतार असो की कठीण, शिकवणारा सोबत असो की नसो, सातव्या आठवड्यात नाही. दुसऱ्याचं उत्तरही माझ्याकडून या जानेवारीपुरतं "नाही"च आहे, पण त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती तुम्ही तोलून बघू शकता.

मिस्टरांचा मुद्दा वेडगळ नाही, हे आधी सांगतो. लातूरला माझ्या ओपीडीत येणारे कितीतरी पेशंट हेच विचारतात, फक्त गुलमर्गच्या जागी पंढरीची वारी असते, सोयाबीनची रास असते, नाहीतर पुतणीचं लग्न. चालायला परवानगी आहे तर बाकीचं का नाही? याचं उत्तर रॉड काय काम करतो त्यात आहे.

नडगीचं हाड आतून पोकळ असतं. गुडघ्याखालून त्या पोकळीत रॉड सरकवतात आणि वर गुडघ्यापाशी, खाली घोट्यापाशी आडवे स्क्रू घालून तो पक्का करतात. अर्धापूरकडे केळीचा घड भरायला लागला की बांबूचा टेकू देतात, तसं समजा. वरून खाली येणारा भार टेकू चांगला पेलतो. उभं राहिलं, पाऊल टाकलं की शरीराचं वजन सरळ रेषेत खाली येतं, आणि तो दाब जुळणाऱ्या हाडाला उलट उपयोगीच पडतो. म्हणून चालायला सांगतात. पिळा पडला की गोष्ट बदलते. रॉड गोल असतो. वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे वळायला लागला की त्यांना अडवणारं काय उरतं? ते चार-पाच आडवे स्क्रू, एवढंच. पेन्सिलीपेक्षाही बारीक.

स्कीइंग हा सगळा पिळ्याचाच खेळ आहे. पायाला दीड मीटरच्या आसपास लांब पट्टी बांधलेली असते. तिचं टोक बर्फात अडकलं आणि शरीर पुढे गेलं की त्या लांबीचा सगळा रेटा बुटातून थेट नडगीत येतो. स्कीचा बूट घोटा घट्ट आवळून धरतो, त्यामुळे घोट्याला वळून तो रेटा जिरवता येत नाही. नवशिक्या माणूस पहिल्या दोन दिवसांत पडतो म्हणजे पडतोच, शिकण्याची ती रीतच आहे. बूट आणि स्की जोडणारं बाइंडिंग ठराविक जोर आला की सुटावं अशी सोय असते, आणि त्या सोयीमुळेच जुन्या काळापेक्षा नडगी मोडण्याचं प्रमाण पुष्कळ कमी झालंय. पण ते किती जोराला सुटावं हे माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तो किती तरबेज आहे यावरून लावतात. त्या हिशोबात नडगी धडधाकट धरलेली असते. सात आठवड्यांपूर्वी मोडलेली नडगी त्यात कुठेच बसत नाही. शिवाय हळू चालीत, पिळा पडत पडत माणूस कोसळतो तेव्हा बाइंडिंग कधी कधी सुटतच नाही, आणि सोप्या उतारावर नवशिके असेच पडतात. त्यामुळे "सोप्या उतारावर थोडं" यात मला काहीही सुरक्षित दिसत नाही.

आता एक गोष्ट घरीच बघा. मिस्टरांना पलंगावर पाय सरळ करून बसवा. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याच्या थोडं वर, एक-दोन छोटे व्रण असतील. तिथे अलगद बोट ठेवलं तर कातडीखाली टणक काहीतरी लागेल. ती खालच्या स्क्रूंची डोकी. नडगीच्या आतल्या बाजूला मांस नसतं, नुसती कातडी आणि खाली हाड. स्कीच्या बुटाचं कडक प्लास्टिक आणि बकल याच भागावर आवळलं जातं. संध्याकाळी तुम्ही त्यांचा पायमोजा काढता तेव्हा त्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर किती खोल उमटतो तेही बघा. सातव्या आठवड्यात दिवसअखेर पाय सुजतोच. तो पाय भाड्याच्या बुटात कोंबला तर पडायच्या आधीच कातडीला इजा होईल, आणि रॉडवरची कातडी फाटणं, तिथे जंतू शिरणं, हे हाड मोडण्याइतकंच गंभीर आहे.

"पाय दुखत नाही" या वाक्याने भलेभले फसतात. रॉडने तुकडे स्थिर धरलेत, हलत नाहीत, म्हणून दुखत नाही. हाड जुळलं म्हणून नव्हे. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ कॅलस, म्हणजे नव्या हाडाचा कच्चा थर, धरतो, मग त्यात चुना भरत जातो आणि हळूहळू पक्कं हाड होतं. सहा आठवड्यांच्या एक्स-रेत बहुतेकदा मोडीभोवती धुरकट सावली दिसायला लागलेली असते, तेवढीच. आम्ही समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढतो, त्यात हाडाच्या चार कडा दिसतात, आणि चारातल्या निदान तीन कडांवर नवीन हाडाचा पूल बांधला गेला तर "जुळलं" असं म्हणतो. रॉड टाकलेल्या नडगीला त्याला साधारण चार-पाच महिने लागतात. खालच्या भागातली मोड असेल तर थोडं जास्तच, कारण तिथे भोवती मांस कमी आणि रक्तपुरवठाही कमी. मिस्टर तंबाखू खात असतील किंवा शुगर असेल तर आणखी उशीर. (तंबाखूचं मी प्रत्येकाला विचारतो आणि बहुतेक जण घरच्यांसमोर नाही म्हणतात. ताई, तुम्हाला खरं माहीत असेल. निकोटीनने हाडाचं जुळणं लांबतं, हे पक्कं आहे. कांडवेल, पायाचं सूप यावर घरोघर चर्चा होते, पण पुडी सोडण्याइतका फायदा त्यातल्या कशानेच होत नाही.)

हाड जुळेपर्यंत भार धातू सोसतो, आणि धातूही थकतो. त्यात मधेच जोराचा पिळा आला की स्क्रू तुटतो किंवा रॉड वाकतो. वाकलेला रॉड बाहेर काढणं हे तो टाकण्यापेक्षा कितीतरी अवघड ऑपरेशन आहे. तो सरळ पोकळीतून ओढता येत नाही. आधी सरळ करावा लागतो किंवा आत कापावा लागतो. मग नवीन, जाड रॉड. आणि हाडाचे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आता दुसरा प्रश्न, हॉटेलात बसायला सोबत जाणं. यावर मी अडून बसणार नाही, पण मला ते का पटत नाही ते ऐका.

गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे. उंचीने हाडाचं काही बिघडत नाही, थंडीने रॉडही आखडत नाही. तो शरीराच्या आत, शरीराइतकाच उबदार असतो. थंडीत मोडलेली जागा ठणकते, तो त्रास खरा, पण धोक्याचा नाही. धोका आहे तो पायाखालच्या जमिनीचा. आपल्याकडे परभणीत डिसेंबरात पारा पाच-सहावर आला की पेपरात बातमी येते. तिकडे 21 डिसेंबर ते जानेवारीअखेर चाळीस दिवस चिल्ला-ए-कलां, काश्मीरमधली सगळ्यात कडक थंडी, आणि तुमच्या तारखा त्यातच येतात. ताजा भुसभुशीत बर्फ फोटोत दिसतो तो. हॉटेलच्या दारातून गाडीपर्यंत, जेवणाच्या जागेपर्यंत जो असतो तो माणसांनी तुडवलेला, दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, काचेसारखा गुळगुळीत. वॉकरच्या पायांचं रबर फरशीसाठी केलेलं असतं. त्या बर्फावर ते कडक पडतं आणि धरत नाही. धडधाकट माणसं तिथे रोज आपटतात. मिस्टरांचं तर चांगल्या पायाचंही संतुलन सध्या वॉकरच्या सवयीमुळे बिघडलेलं असणार.

समजा पडलेच. टंगमर्गहून गुलमर्ग 13 किलोमीटरचा घाट आहे. बर्फ जोराचा पडला की चाकांना साखळ्या बांधून गाड्या सोडतात, कधी कधी रस्ता बंदच ठेवतात. हाडांचं मोठं सरकारी हॉस्पिटल श्रीनगरला बर्झुल्ल्यात आहे, आणि तिथले सर्जन बर्फावरची हाडं आमच्यापेक्षा जास्त बघतात, त्यांच्याबद्दल मला शंका नाही. पण पन्नासेक किलोमीटर, त्या थंडीत, पुन्हा मोडलेल्या पायाने, दोन मुलांना सोबत्यांकडे सोडून जाणं हे तुम्हाला करावं लागेल, मिस्टरांना नाही. तुम्ही प्रश्नात एक ओळ लिहिलीय, "त्यांच्याजवळ कोणीतरी लागेलच." ते कोणीतरी म्हणजे तुम्ही. बाकीचे उतारावर असताना तुम्ही खोलीत गरम पाण्याची पिशवी बदलत बसणार. सहलीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून जायचं आणि दोघांची सहल वाया घालवायची, याला मी काटकसर म्हणत नाही.

आणखी एक. एक शिक्षक माझे पेशंट होते, घोट्याचं हाड मोडलेलं, प्लेट टाकलेली. असंच "नुसता बसायला जातो" म्हणून हिमाचलला गेले. पहिले काही दिवस खिडकीत बसले. मग मुलगी म्हणाली, बाबा, एकदाच या ना. गेले. स्की वगैरे काही नव्हतं, प्लास्टिकच्या ट्यूबवर बसून घसरणं. खाली पाय टेकवून थांबायला गेले आणि प्लेटचे दोन स्क्रू उपटून आले. त्यांना मी आजही दोष देत नाही. समोर सगळे हसत-खेळत असताना, पाय दुखत नसताना, खिडकीत बसून राहायला फार मोठा संयम लागतो. तुमचे मिस्टर तर निघायच्या आधीच "थोडं घसरून बघतो" म्हणतायत. गुलमर्गला बर्फावरून ओढायच्या लाकडी गाड्या असतात, घोडे असतात, आग्रह करणारी माणसं असतात. यातलं काहीही या पायाला चालणार नाही.

तरीही जायचंच ठरलं, किंवा ज्यांचा पाय पुरेसा जुळलाय असं कोणी जाणार असेल, तर प्रवासाचं सांगतो, कारण त्यात लोक सगळ्यात जास्त हयगय करतात. मोडलेला, कमी हलणारा पाय आणि तासन्‌तास एका जागी बसणं, यातून पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली म्हणजे एक दिवस-रात्र गाडीत. कुबड्या घेऊन गाडीतल्या संडासात जाणं अवघड, म्हणून पेशंट पाणी प्यायचंच सोडतात. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधीच बजावतो. पाणी प्या, खालचाच बर्थ घ्या, जागे असाल तेव्हा दर तासाला पाऊल वर-खाली वीस-पंचवीस वेळा हलवा, उशीवर पाय उंच ठेवा. रक्त पातळ राहायचं औषध लागेल का, कुठलं आणि किती दिवस, हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेऊ नका. विमानासाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा आणि डिस्चार्ज कार्ड हातात ठेवा, मेटल डिटेक्टर वाजला की दाखवायला. श्रीनगरहून परतताना विमानतळाच्या बाहेरच्या गेटवरच गाडीतून उतरून सामान आणि माणसं तपासतात, मग पुन्हा आत. वेळ जास्त धरा, तिथे पायाची परीक्षा होते.

ज्यांना रॉड नाही, साधं प्लास्टर आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लास्टर ताजं असताना, पहिले दोन दिवस, विमान नको. पाय सुजतो आणि प्लास्टर आवळतं. त्यानंतरही लगेच जायचंच असेल तर डॉक्टरांकडून ते उभं कापून सैल करून घ्या. बर्फात साधं पांढरं प्लास्टर भिजून मऊ पडतं. फायबरचं टिकतं, पण आतला कापूस ओला राहतो आणि कातडी कुजते. उघडी बोटं गारठून बधिर झाली तर ती थंडीने की प्लास्टर आवळल्याने, हे त्या थंडीत कळत नाही. म्हणून प्लास्टर असताना बर्फाचा प्रदेश नकोच.

पैशांचं. भरलेले पैसे मिस्टर गेले तरी गेलेत आणि नाही गेले तरी गेलेत. निर्णय घेताना ते बाजूला ठेवा आणि फक्त पुढचं बघा. टूरवाल्याशी आजच बोला, निघायच्या आदल्या आठवड्यात नको. डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं "प्रवासास अयोग्य" असं पत्र जोडून लेखी मागणी केली तर पुष्कळदा काहीतरी परत मिळतं किंवा पुढच्या तारखेला वळवता येतं, हॉटेल आणि स्कीइंगच्या फीचं विशेषतः. प्रवासाचा विमा काढला असेल तर पॉलिसी कधी घेतली ते तपासा. अपघाताच्या आधीची असेल तर सहल रद्द झाल्याचा दावा बसू शकतो. अपघातानंतर आता विमा काढून जायचा विचार असेल तर या पायाचा खर्च त्यातून मिळेल असं धरू नका, आधीच्या दुखण्याला बहुतेक पॉलिसी वगळतात.

तुम्ही आणि मुलं जा, असं मी म्हणेन. मिस्टरांजवळ सासूबाई किंवा भाऊ आठवडाभर राहू शकत असतील तर त्यांना घरी ठेवून जाण्यात काही वावगं नाही. सातव्या आठवड्यात ते स्वतःचं स्वतः करू शकतात, जिना आणि ओली मोरी सोडून. तीन सोबती कुटुंबं आहेतच. आणि त्यांचं काश्मीर हुकणार असंही नाही. मार्चअखेर ते एप्रिल श्रीनगरला ट्यूलिप फुलतात, रस्त्यांवर असा गोठलेला बर्फ नसतो. तोपर्यंत चार महिने होत आलेले असतील. एक्स-रेत हाड चांगलं भरलेलं दिसलं तर तेव्हा दोघं आरामात हिंडून या.

स्कीइंग पुढच्या हिवाळ्यात. नडगीनंतर सहा महिने ते वर्ष लागतं, आणि मी पेशंटला तारखेवर सोडत नाही, पाय बघून सोडतो. एक्स-रेत पक्कं जुळलेलं हवं, हे पहिलं. मग पोटरी. गुडघ्याखाली एकाच अंतरावर दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून मापा, आज दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघाला तर नवल नाही. तो जवळजवळ भरून यायला हवा. भिंतीला नुसतं बोट लावून, एका पायावर उभं राहून टाच उचलायची, चांगल्या पायाने जितक्या वेळा जमतं तितक्या वेळा याही पायाने. डोळे मिटून एका पायावर अर्धा मिनिट तोल. कठड्याला हात न लावता जिना उतरणं. शेवटी त्या पायावर लंगडी घालता यायला हवी, न दुखता. हे सगळं जमलं की मी स्वतः म्हणतो, जा, आणि पहिले दोन दिवस शिकवणाऱ्याचं ऐका.

सहा आठवड्यांची तपासणी तुमच्या सहलीच्या साधारण आठवडाभर आधी येते. तिला दोघं मिळून जा. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे सोबत न्या, नव्याच्या शेजारी लावून बघायला सांगा, आणि मिस्टरांसमोरच विचारा की चारातल्या किती कडा भरल्यात. माझ्यापेक्षा त्यांच्या डॉक्टरांचा शब्द मोठा, पाय त्यांनी आतून बघितलाय. तोवर मधे पोटरी एकाएकी सुजली, दाबून दुखायला लागली, धाप लागली किंवा व्रणातून पाणी यायला लागलं, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.